पिनकोड दोनदा लिहिला तर? बारा अंकी संख्या कागदावर उलगडायची रीत

दिवाळीला सांगलीचा भाचा आला होता. जेवून उठता उठता त्यानं माझ्या पोरीला डिवचलं. "आमचा पिनकोड बघ की, ४१६४१६. चारशे सोळा दोनदा. तुमचा नुसताच ४१६००१." आमचं घर कोल्हापूरच्या शाहूपुरीत, म्हणजे शाहू महाराजांनी गुळासाठी वसवलेल्या पेठेत, आणि पोरगी ऐकून घेणारी नाही. "मग आमचा बी दोनदा लिहू की," म्हणत तिनं पेपरच्या कडेला लिहून टाकलं:

४१६००१४१६००१

भाचा म्हणाला, "मामा, ह्याला कशानं भाग जातोय सांगा."

माझी सगळी नोकरी गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून गेली. तीस किलोचे रवे, हमाली, तोलाई, पट्टी असं दिवसभर आकड्यांतच बसणं. मोठा आकडा दिसला की लोक मोबाइल काढतात. मी म्हणतो, आधी कागद काढा. त्या दुपारी दोघांना जे करून दाखवलं तेच इथं क्रमानं लिहितोय. तुमचा गाडीनंबर, मीटर नंबर, कुठलाही मोठा आकडा घेऊन सोबत करत चला.

आधी नीट वाचा

मोठी संख्या दोन तऱ्हेनं मांडून बघावी. आपली पद्धत: ४,१६,००,१४,१६,००१. म्हणजे एक्केचाळीस हजार सहाशे कोटी, चौदा लाख, सोळा हजार एक. खर्व-निखर्वाच्या नादी लागू नका. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत खर्व म्हणजे दहा अब्ज, पण आज बाजारात खर्व म्हणून बघा, समोरचा तोंडाकडे बघत बसेल. कोटीत बोललं की सगळ्यांना कळतं.

दुसरी मांडणी तीन-तीनच्या गटांची: ४१६ | ००१ | ४१६ | ००१. पैसे मोजायला पहिली बरी, पण संख्येचा स्वभाव बघायला ही दुसरी. कारण पुढं कळेलच.

यंत्राबद्दल इथंच सांगून टाकतो. दुकानातले साधे कॅल्क्युलेटर आठ, दहा किंवा बारा अंकांचे असतात. आपली संख्या बारा अंकी यंत्रात कशीबशी मावते, पण तिला तीन किंवा त्याहून मोठ्या आकड्यानं गुणलं की यंत्र हात टेकतं. एक्सेलच्या चौकटीत ती टाकली तर साध्या फॉरमॅटमध्ये 'ई' अक्षर घातलेलं काहीतरी विचित्र दिसतं. तो फक्त दाखवण्याचा प्रकार, आत संख्या शाबूत असते. खरा घात पंधरा अंकांच्या पुढं होतो. सोळाव्या अंकापासून एक्सेल गुपचूप शून्यं भरतं. म्हणून लांबलचक नंबर एक्सेलमध्ये टेक्स्ट म्हणूनच टाकायचे.

अंकांची बेरीज: एका फटक्यात चार उत्तरं

४+१+६+०+०+१ = १२. दोनदा आहे, म्हणून २४. शाळेत शिकवलेलं आठवतं ना, बेरजेला ३ नं भाग गेला तर संख्येला जातो, ९ नं गेला तर ९ नं जातो. २४ ला ३ नं जातो, ९ नं जात नाही. बहुतेक जण इथं 'तीननं जातो' एवढं टिपतात आणि पुढं पळतात. थांबा जरा. ह्या एका ओळीत बरंच काही दडलंय.

पहिलं, ३ हा अवयव नक्की. दुसरं, ही संख्या पूर्ण वर्ग नाही. वर्गात प्रत्येक मूळ अवयव जोडीनं येतो. ३ आला तर दुसराही ३ आला पाहिजे, म्हणजे ९ नं भाग गेला पाहिजे. तो जात नाही, विषय संपला. वर्गमूळ काढायची गरजच उरली नाही. (काढायचंच असेल तर ते ६,४४,९८१ आणि ६,४४,९८२ च्या मधे बसतं.) पूर्ण घनही नाही, त्याच कारणानं.

तिसरं मला फार आवडतं: ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणूनही लिहिता येणार नाही. कुठल्याही संख्येचा वर्ग घ्या आणि ३ नं भागा, बाकी ० किंवा १ च उरते, २ कधीच नाही. करून बघा: १, ४, ९, १६, २५, ३६ ची बाकी १, १, ०, १, १, ०. आता दोन वर्गांच्या बेरजेला ३ नं पूर्ण भाग जायचा तर दोघांची बाकी ० च हवी, कारण ०+१ आणि १+१ नं काम होत नाही. पण ज्या वर्गाला ३ नं भाग जातो त्याला ९ नंही जातो. मग बेरजेलाही ९ नं गेला पाहिजे. इथं जात नाही. म्हणजे पृथ्वीवर कोणीही कितीही शोधलं तरी अशी जोडी सापडणार नाही, आणि हे आपण फक्त २४ बघून सांगितलं. भाचा दोन मिनिटं गप्प होता.

चौथं उत्तर 'हर्षद' संख्येचं. डहाणूत १९०५ साली जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर होते. आयुष्यभर आकड्यांशी खेळले. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं भाग जातो तिला त्यांनी हर्षद, म्हणजे हर्ष देणारी, असं नाव दिलं. आमची आहे का? बेरीज २४, सम. संख्या विषम. विषम संख्येला समनं भाग जाणं शक्य नाही, भागाकार न करताच 'नाही'. एकेरी पिनकोडचंही तेच, बेरीज १२ आणि शेवटी १.

भाच्यानं लगेच आपला काढला. ४+१+६+४+१+६ = २२, आणि ४१६४१६ भागिले २२ बरोबर १८९२८, बाकी शून्य. सांगलीचा पिनकोड हर्षद निघाला! पोरीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

तिची समजूत काढायला कापरेकरांचाच दुसरा खेळ दाखवला. आमच्या पिनकोडचे पहिले चार अंक ४, १, ६, ०. उतरत्या क्रमानं ६४१०, चढत्या क्रमानं ०१४६, वजाबाकी ६२६४. पुन्हा तेच: ६६४२ − २४६६ = ४१७६. पुन्हा: ७६४१ − १४६७ = ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहणार. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात फेऱ्यांत तिथं पोचते. आमची तिसऱ्यालाच पोचली.

शेवटचे अंक

इथं फार वेळ घालवू नका. शेवट १ म्हणजे २ नाही, ५ नाही, १० नाही. शेवट ००१ असल्यामुळं एक गंमत मात्र फुकट मिळते. ह्या संख्येचा वर्ग, घन, शंभरावा घात, काहीही घ्या, शेवटी ००१ च येणार. एकेरी पिनकोडचा वर्ग १,७३,०५,६८,३२,००१ आहे, शेवट बघा.

सात, अकरा, तेरा एकाच वेळी

सातची कसोटी कोणाला पाठ नसते. ही एक पाठ करा, तिघांचं काम होतं. उजवीकडून तीन-तीनचे गट पाडा, आणि एक सोडून एक बेरीज-वजाबाकी करा:

००१ − ४१६ + ००१ − ४१६ = −८३०

आता मोठ्या संख्येऐवजी ८३० ला भागून बघायचं. ७ नं बाकी ४, ११ नं बाकी ५, १३ नं बाकी ११. एकानंही जात नाही, म्हणून आपल्या बारा अंकी संख्येलाही जात नाही. हे चालतं, कारण ७ × ११ × १३ = १००१, म्हणजे हजारला एकच कमी पडतो. गट ओलांडला की चिन्ह बदलायचं, एवढंच.

सांगलीला हीच कसोटी लावा: ४१६ − ४१६ = ०. शून्य! म्हणजे ७, ११, १३ तिघांनीही भाग जातो. तीन अंक दोनदा लिहिले की हे होणारच, कारण ४१६४१६ म्हणजे ४१६ × १००१.

आकार बघा

आता मुख्य गोष्ट. भाचा ह्या वेळेपर्यंत १७ नं भागायला बसला होता. मी पेन काढून घेतलं. बारा अंकी संख्येला एकेक मूळ संख्येनं भागत गेलात तर वर्गमुळापर्यंत, म्हणजे जवळपास साडेसहा लाखांपर्यंत जावं लागतं. तिथवर पन्नास हजारांहून जास्त मूळ संख्या आहेत. पुढची दिवाळी येईल.

पण ही संख्या जन्मली कशी ते आपल्याला माहीत आहे. पिनकोड सहा घरं डावीकडं सरकवला, म्हणजे दहा लाखानं गुणला, आणि त्यात पुन्हा पिनकोड मिळवला. म्हणून:

४१६००१४१६००१ = ४१६००१ × १०,००,००१

एका ओळीत बारा अंकांचा डोंगर सहा आणि सात अंकांच्या दोन टेकड्यांत मोडला. मोठ्या संख्येत पुनरावृत्ती, शून्यांची रांग, सारखे अंक, असं काहीही दिसलं की आधी त्याचा फायदा घ्यायचा, भागाकार नंतर.

१०,००,००१ ला काय लागतं? इथं दोन-दोनचे गट कामी येतात. उजवीकडून ०१ − ०० + ०० − ०१ = ०. दोन-दोनच्या गटांची अशी उलटसुलट बेरीज शून्य आली की १०१ नं भाग जातो, कारण १०१ शंभरापेक्षा एकानं मोठा. भागून बघितलं:

१०,००,००१ = १०१ × ९९०१

१०१ मूळ आहे, हे १० पर्यंत बघितलं की कळतं. ९९०१ चं काय? साध्या मार्गानं ९७ पर्यंतच्या पंचवीस मूळ संख्या तपासाव्या लागतील. एक आडवाट आहे, नववी-दहावीच्या पोरांना झेपते. समजा एखादी मूळ संख्या ९९०१ ला भागते. मग ती १०,००,००१ लाही भागते, म्हणजे तिच्यासाठी दहाचा सहावा घात −१ बाकी देतो आणि बारावा घात १ देतो. बाकी १ पहिल्यांदा कितव्या घाताला येते, तर बाराव्या किंवा चौथ्या. चौथ्याचा मान १०१ कडे जातो, आणि १०१ नं ९९०१ ला भाग जात नाही, ३ उरतात. राहिला बारावा. फ्रेंच गणिती फर्मा यांनी १६४० साली सांगितलेल्या नियमानं मग त्या मूळ संख्येतून १ वजा केला की १२ नं भाग जायलाच हवा. शंभराखाली अशा मूळ संख्या फक्त पाच: १३, ३७, ६१, ७३, ९७. बाकी अनुक्रमे ८, २२, १९, ४६, ७. एकही लागू पडली नाही. ९९०१ मूळ! पंचवीस भागाकारांचं काम पाचात झालं.

उरलेल्या सहा अंकांशी हातघाई

४१६००१ ला ३ नं भागलं: १३८६६७. अंकांची बेरीज ३१, म्हणून पुन्हा ३ नाही. ७, ११, १३ आधीच बाद. आता मात्र भागाकार करायचा, पळवाट नाही.

१७ × ८१५६ = १३८६५२, बाकी १५.
१९ × ७२९८ = १३८६६२, बाकी ५.
२३ × ६०२९ = १३८६६७, बाकी शून्य.

पोरगी ओरडलीच. २३ सापडला, उरले ६०२९. त्याचं वर्गमूळ साडेसत्याहत्तरच्या आसपास, म्हणून ७३ पर्यंत बघायचं. पुन्हा २३ पासून सुरुवात करा, कारण तोच अवयव दोनदा येऊ शकतो. लोक हे विसरतात. २३ नं बाकी ३, २९ नं २६, ३१ नं १५, ३७ नं ३५, ४१ नं २, ४३ नं ९, ४७ नं १३, ५३ नं ४०, ५९ नं ११, ६१ नं ५१. ६७ ला जरा आशा वाटली, ६७ × ९० = ६०३०, एकानं हुकलं. ७१ नं ६५, ७३ नं ४३. संपलं. ६०२९ मूळ.

सगळं मिळून:

४१६००१४१६००१ = ३ × २३ × १०१ × ६०२९ × ९९०१

पाच वेगवेगळे मूळ अवयव, एकही दोनदा नाही.

पडताळा घेतल्याशिवाय उठू नका

दिवाणजीची सवय आहे ही. गुणाकार केला की नवाचा पडताळा घ्यायचा. प्रत्येक संख्येचे अंक मिळवत एका अंकावर आणायचे. ६९ × ६०२९ = ४१६००१ तपासू. ६९ चे ६. ६०२९ चे १७, म्हणजे ८. सहा आठे अठ्ठेचाळीस, त्याचे १२, म्हणजे ३. उजवीकडं ४१६००१ चे १२, म्हणजे ३. जुळलं.

पण ह्या पडताळ्याचं एक भोक मला चांगलंच महागात पडलंय. नोकरीच्या सुरुवातीला एकदा संध्याकाळी रोजकीर्द आणि खतावणी जुळेना. फरक ४५० चा. दिवे लागून दुकानं बंद व्हायला लागली तरी मी बेरजाच करतोय. शेवटी जुने दिवाणजी चष्मा कपाळावर सारत म्हणाले, "फरकाला नवानं भाग जातोय का बघ." गेला. "मग आकडे उलटे पडलेत कुठंतरी." ४१६० च्या जागी मी ४६१० लिहिलं होतं. शेजारचे दोन अंक उलटले की फरकाला ९ नं भाग जाणारच, आणि अंकांची बेरीज तीच राहते, म्हणून नवाच्या पडताळ्याला ती चूक कधीच दिसत नाही. फरकावरून जागाही सापडते. ४५० ला ९० नं भागलं की ५ येतात, म्हणजे शतक आणि दहं ह्या घरांतले, एकमेकांपासून पाचानं लांब असलेले अंक उलटलेत. ६ आणि १.

म्हणून जोडीला अकराचा पडताळा घ्या. उजवीकडून एक अंक मिळवा, एक वजा करा. ४१६००१: १−०+०−६+१−४ = −८. अंक उलटे पडून ४६१००१ झालं असतं तर: १−०+०−१+६−४ = २. पहिल्याची ११ नं बाकी ३ (−८ मध्ये ११ मिळवा), दुसऱ्याची २. चूक पकडली. आधारच्या बारा अंकी नंबरातला शेवटचा अंक अशाच चुका पकडायला ठेवलेला असतो. तिथली रीत मात्र अकरापेक्षा गुंतागुंतीची, डच गणिती वरहूफ यांची.

अवयव मिळाले, आता वसुली

मूळ अवयव हातात आले की बाकीचं झटपट सुटतं. विभाजक किती? प्रत्येक विभाजक करताना पाचांपैकी प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून २ × २ × २ × २ × २ = ३२. विभाजकांची बेरीज हवी? प्रत्येक अवयवात १ मिळवून गुणा: ४ × २४ × १०२ × ६०३० × ९९०२ = ५,८४,६७,११,१५,५२०. ही रीत अवयव एकेकदाच असतील तेव्हाच चालते. त्यातून संख्या स्वतः वजा केली तर १,६८,६६,९६,९९,५१९ उरतात. हे त्या संख्येपेक्षा कमी, म्हणून आमची संख्या 'न्यून'. आणि तिच्याशी १ सोडून एकही सामाईक विभाजक नसलेल्या लहान संख्या किती, तर प्रत्येक अवयवातून १ वजा करून गुणा: २ × २२ × १०० × ६०२८ × ९९०० = २,६२,५७,९६,८०,०००.

भाच्यानं सांगलीचे अवयव तोवर मांडले होते: ४१६ म्हणजे ३२ × १३, त्यात ७ × ११ × १३. म्हणून दोनचा पाचवा घात, ७, ११ आणि तेराचा वर्ग. विभाजक ६ × २ × २ × ३ = ७२. विभाजकांची बेरीज ११,०६,७८४, स्वतःला वजा करून ६,९०,३६८, संख्येपेक्षा बरीच जास्त. "आमचा विपुल, तुमचा न्यून!"

पोरगी म्हणाली, "तुमचा तेराच्या पुढं टिकलाच नाही, सगळा भुगा झाला. आमच्यातला ९९०१ फोडून दाखव की." आणि तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ साली काढलेली गुप्तलेखनाची आरएसए पद्धत ह्याच हट्टीपणावर उभी आहे. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार उघड्यावर ठेवायचा, तो फोडणं कोणाला जमत नाही. वरची 'वजा एक करून गुणा'ची रीत त्यात कुलपाची किल्ली बनवायला लागते, आणि अवयव माहीत असल्याशिवाय ती वापरताच येत नाही. ह्या पद्धतीची आव्हान म्हणून ठेवलेली २५० अंकी संख्या २०२० साली फुटली, तीही पुष्कळ संगणक एकत्र जुंपून.

चार दिवसांनी सांगलीहून फोन. "मामा, मी बी आमचा पिनकोड दोनदा लिहिलाय. ४१६४१६४१६४१६. आता सांगा."

फोन स्पीकरवर होता. पोरगी दप्तर भरता भरता तिथूनच ओरडली, "त्यात आमचे १०१ आणि ९९०१ दोन्ही आहेत. विभाजक दोनशे अठ्ठ्याऐंशी."

पलीकडं बराच वेळ कागदावर पेन घासल्याचा आवाज येत होता.